चौथ्या डेस्कटॉपवरची बाई

बिश्केकमधला भाषांतरकार एसेन घरूनच काम करी. त्याच्या संगणकाच्या पडद्यावर आलटूनपालटून उघडता येणारे तीन डेस्कटॉप होते : एक कामाचा, एक बातम्यांचा, एक गाण्यांचा. त्या दुपारी त्याच्या बायकोला, बुरुलला, चौथा सापडला. त्यावर एकच खिडकी उघडी होती आणि तिच्यात पाठमोरी बसलेली एक बाई पेल्यात चहा ओतत होती.

"कोण ही सटवी?"

"अगं, चौथा मी केलेलाच नाही!"

"मग काय आपोआप उगवला?"

बुरुलचा नुसता तिळपापड झाला. तिने चौथा डेस्कटॉप बंद केला, तर ती खिडकी तिसऱ्यावर आली. तिसरा बंद केला, तर दुसऱ्यावर. दर वेळी बाई अधिक जवळ दिसे. आता तिच्या मानेवरचा तीळसुद्धा दिसत होता.

शेवटी कामाचा तेवढा उरला. बुरुलने दात खाऊन ती खिडकीच बंद केली.

"झालं समाधान?" एसेनने विचारलं.

घरात ती दोघंच होती. तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली, "एसेन, चहा निवतोय."

"आलो गं," म्हणत एसेन उठला. इतक्या लाडाने तो बुरुलशी लग्नाच्या वर्षीही बोलला नव्हता.