असुरक्षित मजकूर

"बाबा, वरच्या पट्टीच्या टोकाला ढालीचं चित्र आहे ना, त्यावर दाबा. मग 'असुरक्षित मजकूर दाखवा' असं येईल, त्यावर दाबा."

पलीकडून बाबांनी विचारलं, "आपण कोण बोलताय?"

"अहो, मी! तुमची मुलगी!"

"नंबर तिचा नाही."

कसा असणार? मदतकक्षात मोबाइल न्यायला बंदी, तो खाली लॉकरमध्ये पडलेला. ती टेबलावरच्या फोनवरून बोलत होती. याच फोनवरून ती दिवसभर परक्या लोकांचे अडलेले कॉम्प्युटर मार्गी लावून द्यायची.

अतिदक्षता विभागातल्या सिस्टरचा फोन नुकताच याच टेबलावर येऊन गेला होता. आईला श्वास पुरत नव्हता. थोड्या वेळात घशात नळी घालणार, मग बोलणं बंद, कदाचित कायमचंच. त्याआधी तिला नवऱ्याला बघायचं होतं. सिस्टर टॅब धरून उभी होती. बाबा घरी, पाय प्लास्टरमध्ये, धुतलेला शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसलेले. इस्पितळाचं भेटीचं पान उघडलं होतं, पण आईच्या जागी नुसती राखाडी चौकट. दोन्हीकडच्या कॅमेऱ्यांचं चित्र जुन्या, बिनकुलपाच्या म्हणजे असुरक्षित वाटेनं यायचं आणि ब्राउझर ते दारातच अडवायचा. तिच्यासाठी हे रोजचंच रडगाणं. एक बटण दाबलं की संपणारं.

"बाबा, आई वाट बघतेय. दाबा ना हो."

"इथं लिहिलंय, यात धोका आहे."

"मी सांगतेय ना, दाबा!"

"तेच तर. दाबा म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही. माझ्या मुलीनं बजावलंय. अगदी तिच्या आवाजात कुणी बोललं, तरी नाही."

बजावलं होतंच. गेल्या वर्षी एका गोड आवाजानं बाबांना गंडा घातला, तेव्हा तिनं त्यांना चांगलंच फैलावर घेतलं होतं. शाळेतल्या पोरासारखं पाठ करून घेतलं होतं. अनोळखी नंबर, घाई, रडारड, कुणाचं आजारपण, काहीही असो, दाबायचं नाही. भल्या माणसानं शब्दन् शब्द लक्षात ठेवला होता.

"बाबा, मी ठमी. तुमची ठमाबाई. तुम्हीच ठेवलंय ना हे नाव!" तिला रडू आवरेना. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. बघेनात का. "पाया पडते तुमच्या. आईसाठी एकदा दाबा."

पलीकडे माउस सरकल्याचा आवाज आला. तिला वाटलं, विरघळले.

"बाई," ते म्हणाले. "माझी बायको तिकडे मरणाच्या दारात आहे. आजच्या दिवशी तरी मला सोडा. तुम्हालाही आईबाप असतील."

फोन बंद झाला. तिनं पुन्हा लावला, पुन्हा लावला. उचलेनात.

ती जिन्यानं धावत सुटली. घाईत लॉकरच्या कुलपात किल्ली जाईना. मोबाइलवर बाबांचे मिस्ड कॉल होते. ती त्यांना फोन लावणार, तोच तो हातात वाजला. सिस्टर होती.

"नळी घातली हो, ताई. डॉक्टरांना थांबता येईना. मी टॅब शेवटपर्यंत धरला होता. त्याही वाट बघत होत्या."

ती काही बोलायच्या आत दुसरा फोन येऊ लागला. बाबा.

"ठमे, अगं कुठं होतीस? आधी ऐक. तुझ्या आवाजात फोन आला होता मला. हुबेहूब! रडत होती, पाया पडत होती. पण बधलो नाही."

ती लॉकरला टेकून खाली बसली.

"बोल की. बरोबर केलं ना मी?"

"हो, बाबा."

"बरं. आता तू आहेस म्हटल्यावर काळजी नाही. ही चौकट काही केल्या उघडत नाही बघ. तुझी आई ताटकळली असेल. सांग, काय दाबू?"