बरणीला कान

लोणच्याच्या बरण्यांची झाकणं फुगायला लागली, तेव्हा वैजयंतीने कारखान्यासाठी बिझनेस कोच घ्यायचं ठरवलं. ॲपवरच्या यादीतला प्रत्येक यंत्र-कोच कुणा ना कुणा जाणत्या माणसाच्या मेंदूतून उतरवलेला होता. नावं मात्र गुप्त असायची. तिने सगळ्यात जास्त मागणी असलेला निवडला.

सकाळी कामावरच्या सगळ्या बायकांसमोर स्पीकर बोलला, "ताई, आधी बरणीला कान लावा. आत बुडबुडे बोलतायत का ऐका."

आवाज यंत्राचाच होता, पण बरणीला कान लावणारी बाई या कारखान्यात एकच होऊन गेली होती. अनुसयामावशी. एकेका बरणीपाशी फार वेळ काढते म्हणून पाच महिन्यांपूर्वी वैजयंतीने तिला याच बायकांसमोर घरी पाठवलं होतं.

बायकांचे हात थांबले.

"तुमच्याकडं हे कुणी करत होतं का आधी?" कोचने विचारलं.

"नाही," वैजयंती म्हणाली. मान वर करायचा तिला धीर झाला नाही.

"मग असू द्या, ताई. येत नाही त्यात कसली लाज? मी शिकवते की."

वैजयंतीने मुकाट्याने बरणीला कान लावला. निदान तोंड तरी भिंतीकडे झालं.