नामाचा कोपरा

मालूने घरावर बंदूक रोखली तेव्हा आई मोरीपाशी भांडी घासत होती. मान वर करून तिने विचारलं, "काय गं, काय बिघडवलंय आम्ही तुझं?"

बंदूक छऱ्याची होती आणि तीही रिकामी. अंगणाच्या टोकाला वाळूच्या दोन पिशव्यांवर ती आडवी ठेवली होती आणि मालू तिच्यावर नवी दुर्बीण बसवत होती. दुसऱ्या दिवशी कल्याणला नेमबाजीची जिल्हा निवड होती. मालूचं कुमारी गटातलं हे शेवटचं वर्ष. या वेळी हुकलं की बंदूक माळ्यावर आणि मालू बोहल्यावर, असं नातेवाईकांनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

दुर्बीण बसवणं म्हणजे मोठं नाजूक काम. आत डोळा लावला की एक फुली दिसते. बंदूक पाणसळ लावून सपाट ठेवायची आणि फुलीची उभी रेघ बरोबर उभी करायची. ती जराशी कलली तरी जवळचा नेम लागतो, पण लांबचा बाजूला जातो. निवडीत दोन्ही होते.

मालूने आंब्याच्या फांदीला वजन बांधलेल्या दोरीचा ओळंबा टांगायला घेतला, तसा ओट्यावरून बापाचा आवाज आला. "दोरी कशाला? माझा कोपरा हाय ना."

नामा भोईर सारा जन्म गवंडीकाम करत आलेला. माजिवड्यातली निम्मी जुनी घरं त्याच्या हातची. हे घर मात्र त्याने लग्नानंतर स्वतःसाठी बांधलेलं. गावात कुणाच्या भिंतीवरून वाद झाला की लोक म्हणायचे, नामाच्या कोपऱ्याशी ताडून बघा. पुढे परांचीवरून पडून त्याची कंबर गेली आणि काम सुटलं. तेव्हापासून मिरवायला त्याच्याकडे हा कोपराच उरला होता, आणि मिरवण्यात त्याने कधी कंजुषी केली नाही.

मालूने फुलीची उभी रेघ घराच्या कोपऱ्याला लावली. नामा तंबाखूची डबी आणायला आत गेला. हातात ओळंबा होताच, म्हणून तिने निव्वळ सवयीने तो फांदीला टांगला आणि पुन्हा डोळा लावला.

दोरी आणि कोपरा वर चिकटलेले दिसत होते. खाली त्यांच्यात चांगली तीन-चार बोटांची फट होती. घर खाडीच्या बाजूला कललं होतं.

"काढ ती दोरी," आई जवळ येऊन हळूच म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"कपाटाखाली पुठ्ठा कोण सारतं? मागचं दार अडकायला लागलं की बाबा देवळात गेलेला बघून सुताराला कोण बोलावतं?" आईने राखेचे हात पदराला पुसले. "खाडीची माती ती, बसली खाली. त्याचा काय दोष? पण त्याला कळलं ना, तर तो माणूस उठायचा नाय गं."

"आणि माझं उद्याचं?"

"तुझं तू ठरव. मी तुला 'नाय' बोलणार नाय."

एवढं बोलून ती भांड्यांकडे वळली. मालूला दोघांचाही राग आला. पण राग धरावा तर बाप डबी घेऊन लंगडत, हसत येत होता. तिने दोरी मुठीत गुंडाळली.

नामाने वाकून दुर्बिणीत पाहिलं. रेघ कोपऱ्यावर चपखल बसली होती. "बसली?"

"बसली, बाबा. तुझ्या कोपऱ्यासारखी."

त्याने स्क्रू स्वतः आवळले आणि प्रत्येकावर लाल रंगाचा ठिपका दिला, म्हणजे कुणी हलवले तर लगेच कळावं. मागाहून गुपचूप सरळ करायचा मालूचा मार्गही बंद झाला.

रविवारी बापलेक खोपटहून एसटीने कल्याणला निघाले. वाटभर मालू मनात गणित करत होती. दुर्बीण जितकी कलली तितकं लांबच्या नेमाला उलट बाजूला धरायचं. अंदाजाचं काम होतं, पण दुसरा उपाय नव्हता.

सरावाचा पहिला लांबचा छर्रा तिने तसाच डावीकडे धरून सोडला. तो डावीकडेच गेला. दुसराही तिथेच. तिला काही कळेना. तिसऱ्या वेळी तिने फुली सरळ मधोमध धरली, आणि छर्रा मधोमध लागला.

तिने मान वळवली. नामा झाडाखाली मागून आणलेल्या स्टुलावर बसून उगाच आकाशात बघत होता.

मग ती सरळ धरूनच खेळली. संध्याकाळी नावं वाचली तेव्हा तिचं दुसरं आलं. नामाने शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली.

डेपोत बसची वाट बघताना तिने विचारलं, "बाबा, दुर्बिणीला हात कुणी लावला?"

"मी. सकाळी तू आंघोळीला गेलेलीस ना, तेव्हा ओळंबा लावून सरळ केली. ठिपके परत दिले वरून."

"म्हणजे कोपऱ्याचं तुला..."

"गवंडी हाय मी. बांधलं त्याच वर्षी कळलेलं."

"मग जन्मभर कोपरा कोपरा काय करत बसलायस?"

नामाने डेपोत इकडेतिकडे पाहिलं आणि तिच्याकडे सरकला.

"हळू बोल. तुझ्या आईने अंगावरचं सोनं मोडून त्या विटा आणलेल्या. तिला वाटतं घर सरळ हाय. तिला यातलं काय कळू देऊ नको."