मार्शल परदेशी गेला

"दहा हजार पौंड!" लिलाववाला ओरडला. मर्विनने कठड्यावर कोपर टेकून सावकाश मान हलवली. नाही.

रिंगणात त्याचा एडका मार्शल उभा होता. रुंद छाती, गरगरीत वळलेली शिंगं, आणि डोकं तर घमेल्याएवढं. अशाच डोक्याला इथे भाव मिळतो. बोली लावणारा स्ट्रूअन नावाचा स्कॉटिश गडी टोपी मागे सारून म्हणाला, "म्हातारबा, एवढे तर मी माझ्या सासऱ्यालाही दिले नसते. द्या की!"

"तुझ्या ऐपतीतला नाही तो," मर्विन म्हणाला. "मी त्याला घरी नेतो."

मुळात मर्विनला तो विकायचा नव्हताच. उत्तर आयर्लंडमधल्या आमच्या फर्माना परगण्याच्या मेंढपाळांची ही जुनी खोड. चांगला एडका बोटीत घालून समुद्रापलीकडे स्कॉटलंडच्या बाजारात न्यायचा, मोठा आकडा चारचौघांत पुकारू द्यायचा, तो धुडकावायचा आणि जनावर परत आणायचं. मग वर्षभर तो आकडा चर्चच्या पायरीपासून गुत्त्यापर्यंत मिरवायचा. अंगात नाही बळ आणि चिमटा काढून पळ, तसली ही मर्दुमकी.

मर्विनचं तर विचारूच नका. त्याच्या कुरणाच्या कडेने एक गाडीवाट जाते. वाटेच्या अलीकडे ब्रिटन, पलीकडे आयर्लंड. देशाने युरोपच्या संघातून बाहेर पडावं म्हणून त्याने मत दिलं ते या वाटेसाठी. तिथे तारेचं कुंपण येईल, शिपाई उभा राहील आणि पलीकडच्या फेलिमला पाऊल टाकायचं झालं तरी कागद दाखवावा लागेल, हे त्याचं स्वप्न होतं. झालं उलटंच. पुढाऱ्यांनी वाट होती तशी मोकळी ठेवली आणि चौकी नेऊन बसवली समुद्राकाठी, स्कॉटलंडच्या बोटी लागतात तिथे. मर्विनला याचा पत्ता नव्हता, कारण पेपर तो स्वतःला पटेल तेवढाच वाचत असे. जुलैत फेलिमने आपल्या वीस मेंढ्यांसाठी मार्शल मागितला, तेव्हा हा त्याच्या तोंडावर म्हणाला होता, "माझ्या एडक्याची औलाद तुमच्या देशात नको."

बाजाराच्या कचेरीतल्या बाईने मार्शलचा कागद चाळला आणि परत सरकवला.

"याला परत नेता यायचं नाही. सहा महिने इथेच ठेवावा लागेल."

"का? रोगी आहे का तो?"

"छे हो. तुमच्याकडे जनावरांना अजून युरोपचेच नियम आहेत. इथून जाणारं जनावर तिकडे परदेशी धरतात."

"परदेशी? बाई, परवापर्यंत तो माझ्या दारात चरत होता! हाही ब्रिटन आणि तोही ब्रिटनच!"

"मला नका सांगू," बाई म्हणाली. "मी नव्हतं मत दिलं. चला, पुढचे कोण?"

मर्विनच्या घरी ऐंशी मेंढ्या होत्या आणि ऑक्टोबर अर्धा सरला होता. महिनाअखेरपर्यंत एडका मिळाला नाही, तर वसंतात एकही कोकरू जन्मणार नव्हतं, आणि घर चालायचं ते कोकरांवरच. दुसरा एडका त्याने ठेवलाच नव्हता. मार्शलशेजारी दुसरा बांधणं त्याला कमीपणाचं वाटे. त्याने बायकोला, हेझलला फोन केला. ती शांतपणे म्हणाली, "बघ काय होतंय ते. घाई करू नकोस."

बारा दिवस तो कचेऱ्यांचे उंबरे झिजवत फिरला. आपण कोण, आपण राणीचे किती निष्ठावंत, हे त्याने प्रत्येक कारकुनाला ऐकवलं. कारकुनांनी ऐकून घेतलं आणि फाटक दाखवलं. शेवटी मार्शलला स्ट्रूअनच्याच कुरणात सोडावं लागलं.

"राहू दे, राहू दे," स्ट्रूअन दात काढत म्हणाला. "माझ्या मेंढ्या आहेतच सोबतीला. दहा हजार वाचले की माझे!"

रिकामी गाडी घेऊन मर्विन घरी आला आणि कुरणाच्या फाटकाशीच थबकला. आमच्याकडे या दिवसांत एडक्याच्या छातीला रंग फासतात. मेंढी लागली की तो रंग तिच्या पुठ्ठ्यावर उमटतो, म्हणजे मोजायला सोपं. मर्विनचा रंग पिढ्यान् पिढ्या केशरी, राणीच्या निष्ठावंतांचा; हिरवा म्हणजे पलीकडच्या आयरिशांचा. आज सगळ्या टेकडीवर हिरवी पुठ्ठी चरत होती. मधोमध एक लहान डोक्याचा, किडमिडीत एडका निवांत रवंथ करत बसला होता.

"हा कुणाचा?" मर्विन किंचाळला.

"फेलिमचा," हेझल म्हणाली. ती कुंपणाला टेकून उभी होती. "जनावरांच्या डॉक्टरची सही आहे, कागद आहे. छप्पन झाल्या. बाकीच्या आठवड्यात होतील."

"त्याच्या दारात गेलीस तू? आणि कधी?"

"तू बोटीत चढलास त्याच दुपारी."

"त्या दुपारी? मार्शल अडकणार हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?"

"या नियमाची नोटीस ऑगस्टमध्येच आली होती. तू चुलीत टाकायला दिलीस, मी आधी वाचली."

"आणि मला बोलली नाहीस! तीस वर्षं संसार केलास माझ्याबरोबर, आणि एक शब्द नाही?"

हेझलने त्याच्याकडे नीट पाहिलं. असं तिने बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

"मार्शलची ती मोठ्या डोक्याची कोकरं दर मार्चमध्ये जन्मताना अडकतात. तू सभेत देश वाचवत असतोस. मी गोठ्यात कोपरापर्यंत हात घालून ती ओढत असते. यंदा अकरा मेंढ्या माझ्या मांडीवर मेल्या," ती म्हणाली. "नोटिशीचं सांगितलं असतं, तर तू त्याला नेलंच नसतंस."