दुबईची वेळ

नाटे गावच्या शरीफाचे डोळे गेले, तेव्हा दुबईत बांधकामावर असलेल्या कमालने आईला एक बोलकं घड्याळ पाठवलं. त्र्याऐंशी सालची गोष्ट. बटण दाबलं की आतली बाई इंग्रजीत वेळ सांगायची. आकड्यांपुरतं इंग्रजी म्हातारी सहा महिन्यांत शिकली.

घड्याळ दुबईच्याच वेळेवर होतं, आपल्यापेक्षा दीड तास मागे. सून रहिमाने एकदा ते पुढे करायला घेतलं, तर शरीफा अंगावर धावून गेली. "हात लावू नको गो! नमाजाला अजान ऐकू येते मला. ह्यात माझ्या पोराची वेळ हाय." दिवसातून वीसदा बटण दाबायची आणि पुटपुटायची, आता डबा उघडला असेल, आता परत परांचीवर चढला असेल.

त्या दिवशी सव्वापाचला फोनवाला दुकानदार गुलाम रसूल धापा टाकत आला. दुबईहून फोन आला होता. म्हातारीला कळावं म्हणून तिथल्या अडीचचे त्याने वाटेतच आपले चार करून घेतले होते.

"चाची, कमाल गेला. परांचीवरून पडला, चार वाजता."

रहिमाने हंबरडा फोडला. शरीफाने मात्र उशाशी चाचपून घड्याळ घेतलं आणि बटण दाबलं. आतल्या बाईने नेहमीच्या थंड आवाजात पावणेचार सांगितले.



"अगो, रडतेस काय? अजून पाव तास हाय! रसूल, धाव, फोन लाव. त्याला म्हणावं, वर चढू नको."