गोठ्यातला हेडफोन

सौरवनं आपला जुना ब्लूटूथ हेडफोन भजनं ऐकायला आप्पांना दिला, पण हेडफोनला सौरवच्या लॅपटॉपची सवय काही सुटेना. कितीदा जोडणी तोडली, तरी मीटिंग सुरू झाली की बंगळूरच्या साहेबाचा आवाज थेट परसातल्या गोठ्यात, धार काढणाऱ्या आप्पांच्या कानात शिरायचा. सौरवपुढं नुसतं साहेबाचं तोंड हलायचं. साहेब इंग्रजीत बोलायचा, चिडला की कानडीवर यायचा. अलीकडं रोजच कानडी.

आज सौरव थकून गोठ्यात आला. "आणा आप्पा, लॅपटॉपवरनं कायमचाच काढून टाकतो. उगंच तुमच्या भजनात साहेब."

आप्पांनी हेडफोन कानावर दाबून धरला.

"ऱ्हाऊ दे रं. इंग्रजी न्हाय, पर कानडी कळतंय मला. त्यो माझ्या कानात वरडतोय तवर तुझ्या कानाला तेवढाच इसावा."