चौथ्या चाकातली हवा

गॅरेजवाले सगळे लुटारू, यावर नवरा-बायकोचं एकमत होतं. म्हणून ब्रेकमधली हवा दोघं अंगणातच काढत होते. बायको गाडीत बसून पेडल दाबायची, नवरा चाकाशी बसून ब्रेकचा नट ढिला करायचा, आणि त्याला लावलेल्या नळीतून हवेचे बुडबुडे बाटलीतल्या तेलात यायचे. उद्या लेकीला न् तान्ह्या नातीला वाटेतल्या उभ्या उतारावरून घरी आणायचं होतं. पेडल दगडासारखं लागायलाच हवं होतं.

"दाब!"

"दाबलंय. बहिरी नाहीये मी."

ऊन कोवळं होतं, ती गुणगुणत होती, तीन चाकं झाली होती. नवरा मनातून खूश होता.

चौथ्या चाकाचे बुडबुडे मात्र संपेनात. ती हसली की भसाभस येत. गप्प बसली की सावकाश, एकामागून एक.

"जरा श्वास रोख गं."

"आता हे काय नवीन खूळ?" म्हणत तिने रोखला. बाटली शांत झाली.

तिने श्वास सोडला. बुडबुडा आला.

त्याने नट करकचून आवळला. "बास. राहू दे थोडी हवा."

"वा! अर्धवट कामाला शिव्या तुम्हीच घालता ना?" तिचा आवाज बारीक झाला होता, पण सुरात समाधान होतं. "पेडल कसं घट्ट झालंय. मलाही हलकं हलकं वाटतंय. शेवटचं एकदा दाबते."

"नको!"

नट आवळलेलाच होता. तरी नळीतून एक बुडबुडा आला, टाचणीच्या डोक्याएवढा, आणि तेल स्थिर झालं.

तिला हाक मारायचं सोडून तो बाटलीकडेच बघत राहिला.